जुन्या जीपला ऑइल फिल्टर बसवताना

गाडी ताब्यात आली तेव्हा फिल्टरचा डबा जागेवर नव्हता. ब्लॉकमधून फिल्टरला ऑइल जायचं त्या भोकात कुणीतरी प्लग घट्ट आवळून ठेवला होता. १९४७ची विलिस सीजे-२ए, २१९९ सीसीचं चार सिलिंडरचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन. आधीच्या मालकाने ती वर्षानुवर्षं फिल्टरशिवायच चालवली होती आणि इंजिन एका हाकेत सुरू होत होतं. त्यामुळे मलाही वाटलं, ऑइल वेळेवर बदलत राहिलो की झालं.

इंजिनाच्या तळाचं, ऑइल साठतं ते चेंबर उतरवल्यावर मत बदललं. तळाशी बोटभर जाडीचा काळा गाळ होता. दिसायला लोण्यासारखा मऊ, पण चिमटीत घेऊन चोळला की बारीक खरखर लागायची. या इंजिनात ऑइल खेचणारी जाळी तरंगती असते. ती तळापासून वर राहते, वरचं स्वच्छ ऑइल पंपाला मिळतं आणि जड कचरा खाली बसतो. त्या काळच्या साध्या ऑइलला हे चालून जायचं. आजच्या डिटर्जंट ऑइलचं तसं नाही. ते कचरा खाली बसू देत नाही, अंगावर घेऊन फिरतं आणि फिल्टरच्या हवाली करतं. फिल्टरच नसेल तर तोच कचरा बेअरिंगमधून पुन्हा पुन्हा फिरणार. म्हणून आधी चेंबर आणि जाळी रॉकेलने धुऊन काढली आणि मग फिल्टरच्या मागे लागलो.

या इंजिनाची मूळ रचना बायपास पद्धतीची. पंपातून निघालेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. त्यातला थोडासा वाटा बाजूच्या नळीने फिल्टरकडे वळतो आणि गाळून परत चेंबरमध्ये पडतो. आजच्या गाड्यांत फुल-फ्लो असतं, म्हणजे सगळं ऑइल आधी फिल्टरमधून आणि मगच बेअरिंगला. ऐकायला फुल-फ्लो सरस वाटतं, आणि आहेही. पण माझ्या ब्लॉकमध्ये ते करायचं तर आतली वाट बुजवून नवी भोकं पाडावी लागणार होती. ज्याचं इंजिन पूर्ण उघडलेलं आहे, क्रँक नव्याने ग्राइंड होऊन आलाय, त्याने हा विचार जरूर करावा. चालत्या इंजिनाच्या जुन्या बिडाला ड्रिल लावायला माझा जीव धजेना.

मग बायपासच ठेवायचं ठरवलं, पण मूळ डब्याऐवजी आजचा फिरकीचा, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायचा अख्खा फिल्टर लावायचा, म्हणजे बदलायला सोपा आणि कुठेही मिळणारा. एका ठिकाणाहून फिल्टर बसवायचं तयार हेड मागवलं. दोन होज, दोन जोडण्या, एका दुपारचं काम. गाडी सुरू केली, ऑइल प्रेशरचं गेज झकास. फेरी मारून आलो, इंजिन चांगलं तापलं आणि आयडलिंगला काटा घसरत घसरत ५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) आला. याआधी गरम इंजिनावर तो १४ला उभा असायचा. ताबडतोब इंजिन बंद केलं. पंप गेला, की बेअरिंग?

ओळखीचे एक मेकॅनिक काका आले. त्यांनी पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. होज सोडवली, तिच्या तोंडातून आरपार पाहिलं आणि विचारलं, "यातलं बारीक भोक कुठाय?"

"कसलं भोक, काका?"

"अरे, जुन्या डब्यात असायचं ते. तू तर नळ सोडून ठेवलायस."

तेव्हा सगळा उलगडा झाला. मूळ डब्यात ऑइलच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. तेच वाटा ठरवतं. माझी होज आतून ६ मिमीची. समोर फिल्टर, त्याच्यापुढे मोकळं चेंबर. बेअरिंगच्या फटींतून जाण्यापेक्षा ऑइलला हीच वाट सोपी, मग ते तिकडेच धावणार. आणि नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मी लावलेला आजचा फिल्टर फुल-फ्लोसाठी बनवलेला, आणि अशा बहुतेक फिल्टरच्या पोटात एक व्हॉल्व्ह असतो. आतल्या गाळणीच्या कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात साधारण १ बारचा (सुमारे १४.५ पीएसआय) फरक पडला की तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे सोडतो. इंजिन पळत असताना माझ्या फिल्टरच्या एका बाजूला पंपाचा जोर होता आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य. म्हणजे प्रेशर तर गेलंच, वर त्यातलं बरंचसं ऑइल गाळलंही जात नसणार. हेडसोबत आलेल्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती, याचा मला आजही राग येतो.

लेथवर पितळेचा छोटा तुकडा करून घेतला, मधोमध १.५ मिमीचं भोक. व्यास चौपट कमी, म्हणजे वाट सोळापट अरुंद. तो कुठे बसवायचा यावर आमचा बराच खल झाला. फिल्टरच्या पुढे, परतीच्या बाजूला बसवला तर गाळलेलं ऑइल मिळतं आणि भोक तुंबत नाही. ब्लॉकच्या तोंडाशी बसवला तर होज फाटली तरी ऑइल हळूहळूच जातं, गाडी थांबवायला वेळ मिळतो. मी ब्लॉकची बाजू निवडली. दर वेळी ऑइल बदलताना ते भोक तारेने साफ करतो.

जोडण्याही एकदा तपासून घेतल्या. फिल्टरच्या तोंडावर कडेने जी बारीक भोकं असतात तिथून ऑइल आत जातं आणि मधल्या आट्याच्या भोकातून बाहेर येतं. उलट जोडलं तर कागदावर आतून बाहेर दाब येतो. परतीची होज रुंद ठेवली आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर सोडली. फिल्टर तोंड वर करून टांगला, म्हणजे ऑइलने भरूनच चढवता येतो.

गरम इंजिन, आयडलिंग, १२ पीएसआय. काटा तिथून हलला नाही.

काकांनी जाताना एक खूण सांगितली. वीस मिनिटं गाडी चालवली की फिल्टरला हात लावायचा. चटका बसला तर ऑइल फिरतंय. डबा गार असेल तर भोक तुंबलंय. पहिला फिल्टर मी ५०० किमीलाच काढला आणि कटरने कापला. हॅकसॉने कापला असता तर ब्लेडचाच चुरा आत पडला असता. कागदाच्या घड्या पांढऱ्या पत्र्यावर उलगडून उन्हात धरल्या. काळा चिखल भरपूर, चुंबकाला चिकटलेली थोडी लोखंडाची पूड, आणि एका घडीत बेअरिंगच्या धातूचे दोन-तीन रुपेरी कण. दुसरा फिल्टर १५०० किमीला कापला. त्यात चिखल निम्म्याहून कमी होता आणि रुपेरी कण शोधूनही सापडला नाही.