सावली मोजायला तीन गावं: माझा अनुभव

धुळ्यात साडेसत्त्याण्णव सेंटिमीटर, पुण्यात नव्वद, सावंतवाडीत साडेब्याऐंशी. एक मीटर काठीची, डिसेंबरातल्या भर मध्यान्हीची सावली. हे तीन आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवायला मला सहामाही परीक्षेपासून नाताळच्या सुट्टीपर्यंतचा वेळ लागला. त्यातला मोजण्यात थोडाच गेला, बाकी सगळा माणसं जोडण्यात.

मी पुण्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. फोनमध्ये शिक्षकांचे ग्रुप म्हणाल तर रग्गड. शाळेचा, विषयाचा, पेपर तपासणीचा, आणि निवडणूक ड्यूटीचा, जो निवडणूक होऊन गेली तरी कुणी सोडत नाही. सकाळी सुप्रभात, दुपारी जीआरची पीडीएफ, संध्याकाळी 'माहिती आजच भरा' अशी लिंक. एका प्रशिक्षणात आम्हाला 'पर्सनल लर्निंग नेटवर्क'ची स्लाइड दाखवली होती. मधोमध शिक्षक, भोवती फेसबुक, यूट्यूब, टेलिग्रामची वर्तुळं आणि सगळीकडून शिक्षकाकडे येणारे बाण. शिक्षकाकडून बाहेर जाणारा बाण एकही नव्हता. हे कुणी विचारणार तेवढ्यात चहा आला.

दीक्षा ॲप मी 2017 मध्ये ते आलं तेव्हापासून वापरते. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ उघडतो, आणि मुलं गैरहजर राहिली की त्याचा खरंच उपयोग होतो. पण व्हिडिओला उलटा प्रश्न विचारता येत नाही. मला हवा होता असा कुणीतरी, जो माझ्या वर्गात अडलेली गोष्ट स्वतःच्या वर्गात करून बघेल आणि काय झालं ते सांगेल.

अडलेली गोष्ट अशी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला, हे मी नववीला दरवर्षी सांगते. इजिप्तमधल्या साएनी गावात सूर्य बरोबर डोक्यावर, त्याच वेळी अलेक्झांड्रियात 7.2 अंश कललेला. म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला परीघ. पोरं ऐकून घेतात, पण एका शाळेच्या गच्चीवर हे करून दाखवता येत नाही. त्याला दुसरं गाव लागतंच.

पुण्यातही शून्य सावलीचा दिवस, म्हणजे साएनीसारखा सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस, वर्षातून दोनदा येतो. एक 13 मेच्या आसपास, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा जुलैअखेरीस, तेव्हा सूर्य कुठे आहे हे ढगांनाच ठाऊक. म्हणून डिसेंबर धरला. आकाश स्वच्छ, आणि 22 तारखेच्या आगेमागे सूर्याची दुपारची उंची चार-पाच दिवस जवळपास तीच राहते. एखाद्या गावात ढग आले तर तिथल्या शाळेने दुसऱ्या दिवशी मोजलं तरी चालतं.

'नवीन उपक्रम असल्यास शेअर करा' असं आमच्या विषयाच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी टाकतं आणि उत्तरादाखल पीडीएफ येऊन पडतात. त्यामुळे मी तिथे न विचारता, फेसबुकवर राज्यभरातल्या विज्ञान शिक्षकांचा एक मोठा ग्रुप आहे, तिथे लिहिलं: "पुण्याच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किमान दोनशे किलोमीटरवर कुणाची शाळा आहे का? डिसेंबरच्या शेवटी एक दिवस दुपारी बारा ते एक ऊन पडेल अशी सपाट जागा, एक मीटर काठी आणि पाच-सहा उत्साही मुलं हवीत. पृथ्वी मोजायची आहे."

अंगठे भरपूर आले. 'खूप स्तुत्य उपक्रम मॅडम' हेही बऱ्याच जणांनी लिहिलं. पण दोघांनी मलाच प्रश्न विचारला. धुळे शहरातल्या एका सरांनी लिहिलं, "ताई, काठी ओळंब्यात आहे हे पोरांनी कसं ठरवायचं?" सावंतवाडीच्या सरांनी विचारलं, "मॅडम, बारा घड्याळातले की सूर्याचे?" माझं काम झालं होतं. ज्याला हे प्रश्न पडतात त्याने मनातल्या मनात काठी आधीच रोवलेली असते. ऑनलाइन माणसं पारखायची माझी तेव्हापासून हीच रीत आहे: कौतुक करणाऱ्याला नमस्कार करायचा आणि शंका काढणाऱ्याचा नंबर घ्यायचा.

घड्याळाचा प्रश्न तर फारच नेमका होता. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरची. पुणे त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य साधारण पस्तीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे चालतो, त्याची डिसेंबरातली थोडी वजावट धरून पुण्याची खरी मध्यान्ह 12 वाजून 33 मिनिटांच्या सुमारास पडते. सावंतवाडीची जवळजवळ तीच, धुळ्याची चारेक मिनिटं आधी. शेवटी ठरलं की घड्याळावर विसंबायचंच नाही. बारा वाजून दहा मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी खूण करायची आणि सगळ्यांत आखूड सावली ती मध्यान्हीची.

आम्ही तिघांचाच एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. नियम एकच, फॉरवर्ड नाही. मुलांना त्यात घेतलं नाही. त्यांचे आकडे आम्ही आमच्या फोनवरून शेअर केलेल्या तक्त्यात भरायचे. फोटोत काठी, सावली आणि हात दिसले तरी पुरे, चेहरे नकोत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची सगळी मुलं येतात आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. ते कागद पुढे होत राहतील, पण सावली मोजायला कुणाचा चेहरा लागतो कशाला? मुख्याध्यापकांना हे पटलं आणि त्यांनी गच्चीची किल्ली दिली. मैदानाचा उपयोग नव्हता. आमच्याभोवती आता इतक्या इमारती उठल्यात की डिसेंबरात मैदानावर सावलीच सावली असते, फक्त काठीची नसते.

रंगीत तालमीला पहिली अडचण आली. सावलीला टोकच नव्हतं. काठीच्या माथ्याशी सावली पुसट होत जाते आणि आमची मुलं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा वाद घालत बसली. फोटो ग्रुपवर टाकला तर धुळ्यातही तोच वाद चालू होता. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून कडा विरघळते. इथवर आम्हा तिघांना कळत होतं, उपाय सुचत नव्हता. तो पुण्यातच मिळाला. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांची आहे. तिथे जाणाऱ्या एका ओळखीच्या काकांना मी तोच फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "माथ्यावर पुठ्ठा लाव, त्याला टाचणीने भोक पाड, आणि सावलीत पडणाऱ्या कवडशाचा मध्य मोज."

पुठ्ठ्याच्या सावलीत बोटाच्या पेराएवढा उजेडाचा लांबट गोल पडला. तो सूर्याचाच. मुलं त्याच्याभोवती गुडघे टेकून बसली आणि खडूने कडा आखून मध्य काढायला लागली. वाद दोन मिलिमीटरवर आला. मी व्हिडिओ करून पाठवला आणि तासाभरात सावंतवाडीहून तसाच कवडसा परत आला, लाल चिऱ्याच्या अंगणात पडलेला.

प्रत्यक्ष दिवशी धुळ्याला ढग होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी मोजलं. वर दिलेले आकडे ते हेच. मुलांनी त्रिकोण काढून कोन मोजले आणि नंतर टॅनच्या कोष्टकातून ताडून पाहिले. धुळे आणि सावंतवाडी यांत फरक आला पावणेपाच अंशांचा. आता दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर हवं होतं. मी अक्षांशांच्या फरकाला दर अंशाच्या 111 किलोमीटरने गुणायला सांगणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पण ते 111 पृथ्वीच्या परिघावरूनच काढलंय ना? मग आपण काय मोजलं?" वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवावंसं वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत. मी तो प्रश्न तसाच आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला. सावंतवाडीच्या सरांनी सुचवलं की भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने सरळ उत्तर-दक्षिण अंतर मोजा आणि खालच्या प्रमाणपट्टीने किलोमीटर करा. रस्त्याचं अंतर चालणार नाही, घाट आडवे येतात. तिन्ही शाळांत पट्ट्या लागल्या आणि 560 किलोमीटरवर एकमत झालं.

परीघ आला सुमारे 42,400 किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ 40,008. "चुकलं," असं एकदोघं म्हणालेच. मग आम्ही सावंतवाडीची सावली मुद्दाम अर्ध्या सेंटिमीटरने बदलून पाहिली, तर उत्तर दीड हजार किलोमीटरने हललं. त्यानंतर धुळ्याची, पुण्याची, मग पट्टीची जाडी, मग फरशीचा उतार. कुठली चूक किती महाग पडते, याचा तक्ता मुलांनी आपणहून केला. पुस्तकात असा प्रश्न नाही, बोर्डात येणार नाही, म्हणून एरवी कुणी केला नसता.

ग्रुप अजून तिघांचाच आहे. आणखी काही शिक्षकांनी 'मला पण ॲड करा' म्हटलं, त्यांना मी आधी विचारते, तुम्ही काय मोजताय? बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि त्यात माझं काही बिघडत नाही. उदयपूर-जोधपूरकडचा कुणी भेटला तर मात्र हवाय. अंतर जितकं मोठं, तितकी अर्ध्या सेंटिमीटरची चूक स्वस्त.

सध्या पाळी धुळ्याच्या सरांची आहे. त्यांना तिन्ही गावांचा पाऊस एकाच मापाने मोजायचाय. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा गळा कापायचा, तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा आणि रोज प्रार्थनेआधी पाणी मोजायचं. कृतीचा फोटो त्यांनी टाकला. सावंतवाडीहून लगेच उत्तर आलं, "सर, आमच्याकडे ही बाटली एका रात्रीत भरतली. मोठी काय ती सांगा."