समासातली मॅच

‘नाट्यगृहाच्या तारखा कशा मिळवायच्या ते शिकवतात का गं तुमच्या कोर्समध्ये?’ तिकीटविक्रीच्या प्लॅनवरच्या रिकाम्या रांगा बघत नाटकाच्या व्यवस्थापक काकांनी विचारलं.

नाही शिकवत. अनुदानाचा अर्ज, प्रायोजकांसाठी प्रेझेंटेशन, झालंच तर सोशल मीडिया.

काकांच्या वहीत नाटकाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, भाड्याची पावती, सेटच्या टेम्पोवाल्याचा नंबर. आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात दहावीची परीक्षा कधी, भारताची मॅच कधी, कुठल्या गावची जत्रा कधी. पुण्यात बालगंधर्वची रविवारची तारीख हातात असूनही मॅचमुळे हाउस पडू शकतं, खुर्च्या रिकाम्या राहू शकतात, हे मला कुठल्याच स्लाइडवर दिसलं नव्हतं. (फी मात्र सणसणीत.)

चाळीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला वर्गात शिकवायला का बोलावत नाहीत? डिग्री नाही म्हणून?