शहेलिसच्या धरणावर हरकत नोंदवताना

मी सांगलीचा. २००५ आणि २०१९, दोन्ही पूर आमच्या घराने सोसले. त्यामुळे ‘धरण नको’ हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात शहेलिस नदीकाठी राहायला आलो, तर इथेही तोच वाद. डिसेंबर २००७ च्या पुराने सिअ‍ॅटल-पोर्टलंड महामार्ग चार दिवस बंद पाडला होता. म्हणून पी एल गावाच्या वरच्या अंगाला पूरनियंत्रण धरण बांधायचा प्रस्ताव आला. एरवी दारं उघडी आणि नदी वाहती. मोठा पूर आला तरच दारं बंद. ऐकायला अगदी बिनधोक.

फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने धरणाच्या पर्यावरणीय परिणामांचा मसुदा अहवाल काढून हरकती मागवल्या. अहवाल जाडजूड, मी पाण्याच्या तापमानाचा भाग धरून बसलो. पाणी साठणार क्वचितच, पण बुडीत पट्ट्यातली मोठी झाडं आधीच तोडावी लागणार. सावली गेली की उन्हाळ्यात पाणी तापतं. वसंतात समुद्रातून येणारा चिनूक सामन मासा तर उन्हाळाभर वरच्या थंड डोहांत थांबतो आणि शरदात अंडी घालतो. त्याची संख्या आधीच घटलेली. सामनवर गंभीर परिणाम होतील, हे खुद्द अहवालातच लिहिलं होतं. क्विनॉल्ट आणि शहेलिस या दोन्ही आदिवासी राष्ट्रांचा विरोध उगाच नव्हता; क्विनॉल्टांचा तर मासेमारीचा हक्क अमेरिकी सरकारशी झालेल्या तहात राखलेला आहे.

हरकत लिहिताना एक गोष्ट पक्की समजली. ‘निसर्ग वाचवा’ असं कितीही कळवळून लिहा, त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. पान क्रमांक देऊन नेमका प्रश्न विचारला, तर अंतिम अहवालात त्याची दखल घ्यावी लागते. माझा प्रश्न साधा होता: न्यूऑकम आणि स्कूकमचक या उपनद्या धरणाच्या खूप खाली, शहेलिस आणि सेंट्रेलिया शहरांपाशी येऊन मिळतात; त्यांच्या पुराचं काय? कोयनेत पाणी कितीही अडवलं तरी वारणा हरिपूरला कृष्णेत यायची थांबते का? (हे वाक्य अर्थातच हरकतीत नव्हतं.)

कोरोनामुळे सुनावणी ऑनलाइन झाली. माझ्या आधी एक शेतकरी बोलला, २००७ मध्ये त्याच्या गायी वाहून गेल्या होत्या. त्याच्यानंतर माशांविषयी बोलायला जीभ रेटेना. म्हणून आधी सांगलीचं सांगितलं, मग प्रश्न वाचला, तेवढ्यात वेळ संपली.

जुलैत गव्हर्नरांनी धरणाशिवायचे पर्याय तपासायला सांगितले. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारचा, म्हणजे त्याच्या लष्करी अभियंता दलाचा, स्वतंत्र मसुदा अहवाल आला. राज्याकडे दिलेली हरकत तिकडे चालत नाही. तेव्हा पानं नव्याने शोधली आणि तोच प्रश्न पुन्हा पाठवला.