घुमटाचे कातडे

घुमट हे गोव्यातले वाद्य मुळात एक मडके आहे, ही गोष्ट चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरतीच्या गजरात विसरायला होते. कुंभाराने घडवलेले, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना उघडे असे हे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधतात आणि लहान तोंड मोकळे ठेवतात. उजव्या हाताची थाप कातड्यावर पडत असताना डावा तळवा हे लहान तोंड झाकतो, पुन्हा उघडतो, आणि या उघडझापीतूनच तो घुमणारा नाद निघतो. मडके भाजताना कच्चे राहिले, तर वादक कितीही तयारीचा असला तरी नाद बसकाच येतो. म्हणून चवथीआधी घुमट आणायला गेलेले माझे मामा कातडे चढवण्याआधी रिकाम्या मडक्यावर टिचकी मारून कान देत, आणि कुंभार मुकाट्याने दुसरे मडके पुढे सरकवी.

पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपड मारणे गुन्हा ठरले आणि, बऱ्याच उशिराने का होईना, बकऱ्याचे कातडे रूढ झाले. 'आता ते घुमट राहिले नाही' अशी जुन्या वादकांची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे व ती अगदीच निराधार नाही, कारण भाद्रपदातल्या दमट हवेत हे कातडे सैल पडते आणि दोन आरत्यांच्या मधे कोणाला तरी घुमट चुलीच्या धगीला धरून बसावे लागते. तरीही या वाद्याचे पारंपरिकपण घोरपडीत होते असे मला वाटत नाही. आरतीत शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळे म्हणजे झांजा यांच्या जोडीने वाजणारे घुमट ख्रिस्ती घरांत व्हायोलिनबरोबर मांडो या कोंकणी गीतप्रकाराला साथ करते. धर्म, गाणे, ताल सगळे बदलते, मडके मात्र तेच राहते. कातडे बदलणे या परंपरेने पचवले. कुंभाराची भट्टी विझली, तर तेवढे सहज पचणार नाही.

२०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, याचा आनंद आहेच. त्या दिवशी मामांना फोन केला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आणि माती खंय?"