किनमेनची माणसं तैवानला जातात

तैपेईत मेट्रोच्या तपकिरी मार्गावर झोंगशान ज्युनियर हायस्कूल नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरायचं, मिनचुआन ईस्ट रोडचा तिसरा सेक्शन गाठायचा, त्यात १०६ नंबरची गल्ली, तिच्या पोटात ३ नंबरचा बोळ, आणि बोळात ११ नंबरची इमारत, तिसरा मजला. तैवानचा पत्ता असा एकातून एक उघडत जातो. प्रत्येक सेक्शनला घरांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे सेक्शन बघायचा राहिला तर बरोबर नंबरच्या चुकीच्या घरासमोर उभं राहायची पाळी येते.

बाहेरून इथे काही बघण्यासारखं असेल असं वाटत नाही. साधी राहती इमारत. पण तिसऱ्या मजल्यावर एका साप्ताहिकाचं ऑफिस होतं, आता तिथे संग्रहालय आहे, आणि त्यातली संपादकाची खोली ७ एप्रिल १९८९ च्या सकाळी जळाली तशीच ठेवलेली आहे. काजळीने काळ्या पडलेल्या भिंती, जळक्या सामानाचे अवशेष. सजावट नाही, नाट्यमय प्रकाशयोजना नाही. आतली बरीचशी माहिती चिनी भाषेत आहे, म्हणून फोनवर भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा. तैपेई १०१ च्या लिफ्टसमोर रांग लावणाऱ्यांनी तासभर इकडे वळवला तर त्यांचं काही बिघडणार नाही, हे माझं ठाम मत.

ही खोली चेंग नान-जुंगची. जन्म १९४७ चा. वडील चीनच्या मुख्य भूमीतल्या फुजियानमधून आलेले, आई तैवानची. तत्त्वज्ञान शिकायला विद्यापीठात गेला, पण प्रजासत्ताक चीनचे जनक सन यत-सेन यांच्या विचारांचा सक्तीचा विषय घ्यायला नकार दिला आणि पदवीवर पाणी सोडलं. पुढे १९८४ मध्ये साप्ताहिक काढायची वेळ आली तेव्हा अडचण अशी की प्रकाशक पदवीधरच हवा, असा कायदा. मग त्याने पदवीधर मित्रांची प्रमाणपत्रं घेऊन त्यांच्या नावांवर परवाने काढले. एक नाही, डझनाहून जास्त. लष्करी कायद्याच्या काळात नियतकालिक बंद करण्याची रीत ठरलेली होती: अंक जप्त करायचा आणि परवाना वर्षभरासाठी स्थगित करायचा. स्थगिती परवान्याला असते, संपादकाला नव्हे, ही फट त्याने हेरली. एक परवाना गेला की पुढचा अंक दुसऱ्या परवान्यावर, जरा वेगळ्या नावाने बाजारात. वाचकांना नाव शोधावं लागत नसे. मुखपृष्ठावर शंभर टक्के भाषणस्वातंत्र्याची मागणी छापलेली असे, तीच ओळख.

लष्करी कायदा मे १९४९ पासून १५ जुलै १९८७ पर्यंत होता, अडतीस वर्षं. तो उठल्यावर सगळं मोकळं झालं असा आपला समज असतो. तसं झालं नव्हतं. दंडसंहितेचं कलम १०० शिल्लक होतं, आणि त्यात देशद्रोहासाठी हिंसेची गरज नव्हती, हेतू पुरे होता. १० डिसेंबर १९८८ रोजी, मानवी हक्क दिनाला, चेंगने 'तैवान प्रजासत्ताका'च्या राज्यघटनेचा मसुदा छापला. कोणी बंदूक उचलली नव्हती, फक्त मसुदा छापला होता. जानेवारीत देशद्रोहाच्या आरोपाखाली समन्स आलं. २७ जानेवारीपासून त्याने स्वतःला या ऑफिसात कोंडून घेतलं. हाती लागलं तर माझं प्रेत लागेल, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं आणि टेबलाखाली पेट्रोल आणून ठेवलं होतं. एकाहत्तराव्या दिवशी पोलीस दार फोडायला आले तेव्हा त्याने आग लावली. त्या पोलीस पथकाचे प्रमुख होऊ यू-इ पुढे न्यू तैपेईचे महापौर झाले आणि २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूकही लढले. चेंगची पत्नी ये जू-लान खासदार झाली, नंतर उपपंतप्रधान. कलम १०० मे १९९२ मध्ये बदललं. तेव्हापासून गुन्ह्यासाठी बळ किंवा धमकी लागते, नुसता हेतू पुरत नाही. २०१६ पासून ७ एप्रिल हा तिथला अधिकृत भाषणस्वातंत्र्य दिन आहे.

या खोलीत उभं राहिल्यावर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. 'तैवान हा वेगळा देश आहे' या वाक्यावर बीजिंगचा राग आजही आहे, पण त्या काळी त्याच वाक्यासाठी तैपेईत तुरुंग होता. कारण १९४९ मध्ये यादवी युद्ध हरून चीनमधून आलेलं तैपेईतलं सरकार स्वतःला अख्ख्या चीनचं सरकार म्हणवत होतं. भांडण कितीही कडवं असो, चीन एकच आहे यावर दोघांचं एकमत. मधे सापडले ते तिसरं काही बोलू पाहणारे.

हे शब्दांचं प्रकरण मग सगळीकडे दिसायला लागतं. तिथल्या पासपोर्टवर अधिकृत नाव 'रिपब्लिक ऑफ चायना'. या नावामुळे विमानतळांवर लोकांना चीनचे नागरिक समजलं जायचं, म्हणून २००३ मध्ये मुखपृष्ठावर 'तैवान' शब्द आला आणि जानेवारी २०२१ च्या नव्या रचनेत तो ठळक झाला. इंग्रजीतलं 'रिपब्लिक ऑफ चायना' मात्र बारीक होऊन बोधचिन्हाभोवती गोल फिरलं. घटना बदलायची नाही, नाव बदलायचं नाही, फक्त अक्षरांचा आकार बदलायचा. परराष्ट्र धोरण टाइपसेटिंगमधून चालवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तैपेईच्या उत्तरेला तियानमू भागात एक इमारत आहे, तिथे तैवानला मान्यता देणाऱ्या बहुतेक मित्रदेशांचे दूतावास एकत्र आहेत आणि दाराशी त्यांचे झेंडे. एखादा देश बीजिंगकडे गेला की त्याचा झेंडा उतरतो. जानेवारी २०२४ मध्ये नाउरूचा उतरला आणि मित्रदेश उरले बारा. बाकीच्यांचं काम दूतावास हा शब्द टाळून चालतं. अमेरिकेची 'इन्स्टिट्यूट' आहे, भारताची १९९५ पासून 'इंडिया तैपेई असोसिएशन'. आपल्याकडे त्यांचं 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र' दिल्ली, चेन्नई आणि २०२४ पासून मुंबईत आहे. व्हिसा इथेच मिळतो. अमेरिका, ब्रिटन, जपान, शेंगेन वगैरेंचा व्हिसा असेल, किंवा मागच्या दहा वर्षांत संपलेला असेल, तर भारतीयांना ऑनलाइन प्रवेश परवाना मिळण्याची सोय असते. अटी बदलत असतात, तेव्हा तिकिटाआधी तपासा. कागद दूतावासासारखेच, शिक्का दूतावासासारखाच, फक्त पाटीवर तो शब्द नाही.

पाटीवरचा शब्द म्हणजे किरकोळ बाब असं वाटत असेल तर ऑक्टोबर २०२० आठवा. तैवानच्या राष्ट्रीय दिनाच्या तोंडावर दिल्लीतल्या चिनी दूतावासाने भारतीय पत्रकारांना पत्र पाठवलं: तैवानला देश म्हणू नका, तिथल्या नेत्याला अध्यक्ष म्हणू नका. आपल्या परराष्ट्र खात्याने उत्तर दिलं की भारतात माध्यमं स्वतंत्र आहेत. छान वाटतं ऐकायला. पण त्याआधी दोन वर्षं, २०१८ मध्ये, चीनच्या विमान वाहतूक खात्याने जगभरच्या विमान कंपन्यांना अशाच सूचना धाडल्या होत्या, आणि त्यात एअर इंडियाच्या वेबसाइटवर तैवानचं 'चायनीज तैपेई' झालं. पत्रकाराला सांगता येत नाही ते कंपनीला सांगता येतं, कारण कंपनीला तिथे विमान उतरवायचं असतं. बीजिंग सतत ज्याचा हवाला देतं तो संयुक्त राष्ट्रांचा १९७१ चा ठराव क्रमांक २७५८ वाचायला दोन मिनिटं लागतात. त्यात 'तैवान' हा शब्दच नाही. 'चियांग काय-शेकचे प्रतिनिधी', म्हणजे तेव्हाच्या तैपेई सरकारचे, बाहेर काढण्याची भाषा आहे.

तैवान म्हणजे बोलण्याचा स्वर्ग, असंही कोणी समजू नये. तैपेई १०१ च्या दाराशी वर्षानुवर्षं लोक चीनचा लाल झेंडा फडकवत उभे राहिले, आणि त्यांच्यासमोर चीनमध्ये बंदी असलेल्या फालुन गोंग पंथाचे लोक. हे मला तिथलं सर्वात बघण्यासारखं दृश्य वाटतं. पण नोव्हेंबर २०२० मध्ये चीनकडे झुकलेल्या एका वृत्तवाहिनीच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं. मार्च २०२५ मध्ये तैवानी माणसाशी लग्न करून आलेल्या एका चिनी बाईचा राहण्याचा परवाना रद्द झाला, कारण ती व्हिडिओंतून बळाने एकीकरण करण्याचा पुरस्कार करत होती. युद्धाची चिथावणी हे मत नव्हे, असं सरकार म्हणतं. असेलही. पण चेंगच्या मुखपृष्ठावर 'शंभर टक्के' छापलेलं असे, नव्वद नाही.

सन मून लेक, आलिशान: सुंदर, गर्दी, झालं.

खरं जायला हवं ते किनमेनला. शहरातल्याच सोंगशान विमानतळावरून तासाभराचं उड्डाण. मार्च ते मे धुक्याचे महिने, विमानं वरचेवर रद्द होतात, म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा. हे बेट चीनच्या किनाऱ्याला इतकं खेटून आहे की पलीकडच्या शियामेनच्या उंच इमारती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आणि कागदोपत्री ते तैवान प्रांतात नाहीच, फुजियान प्रांतात आहे. इथली माणसं तैपेईला निघाली की 'तैवानला चाललो' म्हणतात. वेगळ्या तैवानची भाषा इथे फारशी खपत नाही, कारण मग किनमेन कुठलं?

२३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत या बेटावर पावणेपाच लाखांच्या आसपास तोफगोळे पडले. त्यानंतर १ जानेवारी १९७९ पर्यंत एक दिवसाआड मारा चालू राहिला, विषम तारखांना. पुढे पुढे गोळ्यांत पत्रकं भरलेली असत. हवेत कवच फुटून कागद पसरत आणि पोलादी टरफल खाली येई, ते कोणाच्या डोक्यात किंवा घरात. त्या पोलादाचे विळे-सुरे इथे अजून बनतात. कारागीर तुकडा कापतो, भट्टीत लाल करतो, ठोकतो, आणि एका गोळ्यातून चाळीस ते साठ सुऱ्या निघतात. घेतलीत तर चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत.

वायव्य टोकाला बेइशानची भिंत आहे, १९६७ ची. काँक्रीटमध्ये ४८ गोल भोकं, प्रत्येकात एक कर्णा, आवाज पंचवीस किलोमीटरपर्यंत जायचा असं सांगतात. इथून तैवानी गायिका टेरेसा तेंगचा गोड आवाज पलीकडच्या सैनिकांना ऐकवत. आता पर्यटकांसाठी तेच हळू आवाजात लावतात, आणि ते ऐकताना धमकीपेक्षा आर्जवच जास्त जाणवतं. जवळच्या दादान बेटावर प्रचंड अक्षरं आहेत: तीन लोकतत्त्वांनी (सन यत-सेन यांची विचारसरणी) चीन एक करा. समोर शियामेनच्या किनाऱ्यावर तशीच मोठी अक्षरं: एक देश, दोन व्यवस्थांनी चीन एक करा. शेवटचे चार चिनी वर्ण दोन्हीकडे सारखेच, फक्त तिकडचे सुलभ लिपीत.

शुइतोऊ धक्क्यावरून शियामेनची फेरी अर्ध्या तासाची. परत यायचं असेल तर तैवानचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि चीनचा व्हिसा आधीच काढलेला हवा. रांगेत पुढे कोण काय दाखवतं ते बघा. तैवानी प्रवासी किनमेनच्या खिडकीवर आपला पासपोर्ट देतो. बोटीत पासपोर्ट खिशात जातो आणि शियामेनच्या खिडकीवर बाहेर येतं बीजिंगने दिलेलं 'देशबांधव परवाना' नावाचं कार्ड, कारण तिथे तो पासपोर्ट चालत नाही. भारतीयाला हे काही करावं लागत नाही. दोन्ही खिडक्यांवर एकच पासपोर्ट, आणि कधी कधी दोन्ही शिक्के एकाच पानावर.