दोन नाण्यांखालचा एकच सम्राट

लंडनमधील एका लिलावसंस्थेत प्राचीन नाणी तपासून त्यांची नोंद करणे हे माझे काम आहे. इ.स. १३२ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या, ज्यू नेता बार कोखबाच्या बंडातील 'झूझ' हे चांदीचे नाणे समोर आले की मी बाकीचे सारे बाजूला ठेवते. या बंडखोरांनी नाण्यांसाठी नव्या कोऱ्या चकत्या घडवल्या नाहीत. चलनातील रोमन नाण्यांवरच त्यांनी आपले ठसे मारले, त्यामुळे द्राक्षांच्या घडाखाली किंवा तुताऱ्यांखाली पुष्कळदा रोमन सम्राटाच्या नावाची अक्षरे पुसटशी उरतात. ज्या रोमने इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, त्याच्याच सम्राटाच्या चेहऱ्यावर मंदिरातील तुताऱ्या उमटवण्यात केवढे धैर्य होते! नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेले ठसे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

त्या दिवशी एका वृद्ध संग्राहकाच्या ट्रेमध्ये असे दोन झूझ होते. दोन्हींच्या एका बाजूस घड आणि 'शिमोन' हे बार कोखबाचे नाव, दुसऱ्या बाजूस दोन तुताऱ्या आणि प्राचीन हिब्रू लिपीत 'जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी'. वजनातही खोट नव्हती. ठसे एकच असणे स्वाभाविक होते, कारण एका ठशाने अनेक नाणी पाडली जात. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही नाण्यांवर, तुताऱ्यांच्या मधोमध, रोमन सम्राट ट्रेजनच्या नावाची तीच अक्षरे त्याच तिरक्या कोनात दिसली, आणि मी थबकले. प्रत्येक वेळी खाली वेगळे जुने नाणे असते आणि ते हाताने कसेही ठेवले जाते. असा योगायोग घडणे अशक्यच. ठशाबरोबर खालचा सम्राटही हुबेहूब उतरला होता, म्हणजे कोणीतरी आधीच्या नाण्यावरून नवा ठसा बनवला होता.

मूळ कोणते, हे एका ओरखड्याने सांगितले. पहिल्या नाण्यावर तो धातू कापत गेलेला, धारदार होता. दुसऱ्यावर तोच ओरखडा त्याच जागी, पण कडा बोथट. वापरात किंवा मातीत पडलेली खूण दुसऱ्या कोणत्याही खऱ्या नाण्यावर जन्मतःच असू शकत नाही.

पहिल्या नाण्यासोबत १९७८ पूर्वीची खरेदीची पावती होती. त्या वर्षीच्या इस्रायलच्या कायद्यानुसार त्यानंतर तेथे सापडलेल्या पुरावस्तू राज्याच्या मालकीच्या ठरतात, म्हणून त्या पिवळट कागदाला नाण्याइतकेच मोल होते. दुसऱ्यासोबत काहीच नव्हते. ते लिलावातून काढले आणि अहवालात 'बनावट' असे स्पष्ट लिहिले. संग्राहकांनी अहवाल दोनदा वाचला, आणि आपल्या पश्चात मुलांनी अजाणतेपणी ते खरे म्हणून विकू नये यासाठी अहवालाची प्रत त्या नाण्याच्याच पाकिटात ठेवायला सांगितली.