बुखारेस्ट: ततारेस्कुच्या घरातला पेन्सिलचा पाद्री

बुखारेस्टला गेलं की जो तो आधी त्या अवाढव्य पार्लमेंटकडे पाठवतो, तिथे अर्धा दिवस सहज जातो आणि पाय बोलायला लागतात, म्हणून मी ते सोडून सरळ दोमनित्सा अनास्तासिया रस्त्यावरचं गेओर्गे ततारेस्कु या एकोणिसाव्या शतकातल्या रोमानियन चित्रकाराचं घर गाठलं. १८५५ मध्ये घेतलेलं हे घर, आता म्युझियम आहे. गर्दी वगैरे काही नाही.

मोठमोठी ऑइल पेंटिंग्ज आहेतच, पण मी अडकलो एका पाद्र्याच्या पेन्सिल स्केचपाशी. डोक्यावर उंच टोपी, छातीपर्यंत दाढी. चेहरा मन लावून घोटलाय, डोळ्यांखालच्या पिशव्यासुद्धा सोडलेल्या नाहीत, हात मात्र दोन-चार रेघांत उरकलेत. आणि झग्याच्या चुण्या! खांद्यावरून अशा जड, शिस्तीत खाली येतात की एखाद्या रोमन पुतळ्याचं कापड काढून यांना नेसवलंय.

आता हे उगाच नाही. ततारेस्कु मूळचा रोमानियातल्याच फोक्शान गावचा. बुझाऊचे बिशप केसारिये यांनी १८३१ मध्ये चर्च रंगवणाऱ्यांसाठी शाळा काढली, तिथे नात्यातल्याच निकोलाए तेओदोरेस्कुच्या हाताखाली हा शिकला. म्हणजे सुरुवात आयकॉन्सची (चर्चमधली संतांची चित्रं), सोनेरी पार्श्वभूमी, सपाट चेहरे, सगळं परंपरेनं ठरलेलं. मग १८४५ मध्ये स्कॉलरशिपवर थेट रोमची सान लुका अकॅडमी, तिथे प्लास्टरचे पुतळे बघून ड्रॉइंग, समोर मॉडेल बसवून ड्रॉइंग, आधी शरीर पक्कं करायचं मग त्यावर कापड. परत आला तो निओक्लासिकल (जुन्या ग्रीक-रोमन कलेच्या वळणाचा) होऊनच, आणि १८६४ मध्ये थिओदोर अमान या चित्रकाराबरोबर बुखारेस्टला आर्ट स्कूल उघडून तेच पुढच्या पोरांना शिकवलं.

तिथून चालत काल्या व्हिक्टोरिये या रस्त्यावरच्या क्रेत्सुलेस्कु चर्चला गेलो. लाल विटांचं छोटंसं, १७२०-२२ चं बांधकाम, आतली भित्तिचित्रं ततारेस्कुची, १८५९-६० मधली. आत अंधार, मेणाचा वास, मान वर करून करून दुखायला लागते. काम तगडं आहे, वादच नाही, पण खरं सांगू का, संत सगळे जरा जास्तच देखणे, नाटकातल्या एंट्रीसारखे उभे. बायझंटाइन, म्हणजे त्या जुन्या आयकॉन्सच्या वळणाच्या, चित्रांतला तो धाक गेला आणि बदल्यात माणूसही पुरता आला नाही, असं माझं मत. तो स्केचमधला पाद्री बघा, भरपेट जेवून वामकुक्षीच्या वाटेवर असताना कुणीतरी धरून बसवलेला वाटतो, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. गिऱ्हाईक नाही, भिंत नाही, कुणाला खूश करायचं नाही, तिथे ततारेस्कुचा हात मोकळा सुटतो.

क्रेत्सुलेस्कुला रविवारी सकाळी जाऊ नका, प्रार्थना चालू असते आणि आपण मध्येच छताकडे बघत उभे राहिलो की कसंतरीच वाटतं. मी आता याशी शहराला निघालोय, तिथल्या मेट्रोपॉलिटन कॅथेड्रलचं आतलं रंगकाम ततारेस्कुचंच आहे.